मेटल डिटेक्टरची कॉइल पावसापाण्यात कशी टिकवायची

मावळ-मुळशीत भातलावणीच्या चिखलात पडलेली अंगठी, नव्या डांबराखाली गेलेलं व्हॉल्व्हचं झाकण, ओढ्याकाठच्या वाळूत रुतलेली गाडीची किल्ली. मेटल डिटेक्टरला अशी कामं मिळतात ती बहुधा ओल्यातच. कंट्रोल बॉक्स आपण जिवापाड जपतो, पिशवीत गुंडाळतो. जमिनीला घासत, पाण्यात बुडत राबते ती कॉइल, म्हणजे दांडीच्या खालच्या टोकाची तबकडी, आणि तिच्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

कॉइलमध्ये पाणी नुसतं झिरपत नाही, बऱ्याचदा कॉइलच ते ओढून घेते. त्यामुळे सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवायचा: कॉइलच्या खोक्यात आणि केबलमध्ये मोकळी हवा राहू द्यायची नाही. बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढणं हा त्यानंतरचा उपाय.

पाणी आत जाऊन काय बिघडवतं

कॉइलच्या आत इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्यांच्याभोवती ग्रॅफाइटच्या रंगाचं किंवा फॉइलचं शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) असतं. वेढे आणि शील्ड यांच्यात थोडी कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता) असतेच आणि सर्किट ती धरून जुळवलेलं असतं. मधल्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जितका मोठा तितकी ती जास्त. हवेचा हा स्थिरांक १, इपॉक्सीचा ३ ते ४, पाण्याचा मात्र ८० च्या आसपास. त्यामुळे चमचाभर पाणी आत शिरलं तरी कपॅसिटन्स बदलते, आणि कॉइल हलवली की ते पाणी इकडून तिकडे पळतं, म्हणून बदल स्थिरही राहत नाही. यंत्राला ते धातूसारखं वाटतं. ट्रान्समिट आणि रिसीव्ह असे दोन वेढे एकमेकांशी तोलून बसवलेल्या व्हीएलएफ (कमी वारंवारतेचा सिग्नल सतत पाठवणाऱ्या) कॉइलमध्ये हा तोल ढळतो. पल्स इंडक्शनमध्ये, म्हणजे विजेचे झटके सोडून मधल्या वेळात ऐकणाऱ्या यंत्रात, पल्स संपल्यावर व्होल्टेज ठरल्या वेळेत खाली बसत नाही.

हा झाला लगेचचा त्रास. दुसरा हळूहळू होतो. इनॅमलला कुठेतरी टाचणीएवढं छिद्र असतं, तिथे ओल पोचते, तांबं हिरवं पडतं आणि तार आतल्या आत खाल्ली जाते. ॲल्युमिनियम फॉइल आणि तांब्याची ड्रेन वायर (शील्डला जोडलेली तार) ओल्यात एकत्र आली तर फॉइल त्याहून लवकर जातं.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. पुण्याची जमीन बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चांगली कॉइलसुद्धा इथे बडबड करते. ओली कॉइल ओळखायची तर ती जमिनीपासून कमरेइतकी वर उचला, आजूबाजूला लोखंड नाही ना ते बघा आणि डावी-उजवीकडे तिरकी करा. आवाज बंद झाला तर दोष मातीचा, ग्राउंड बॅलन्स (यंत्र मातीशी जुळवून घेणं) पुन्हा करा. हवेतही तिरकी करताच आवाज येत असेल तर दोष कॉइलचा किंवा केबलचा.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे किती

आयपी हा धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा, चाचणीने ठरणारा दर्जा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटं. आयपी ६८ ची खोली आणि वेळ उत्पादक स्वतः जाहीर करतो, म्हणून तो आकडा माहितीपुस्तिकेतच बघायचा. नवख्यांसाठीच्या बऱ्याच यंत्रांत कॉइल बुडवता येते, पण कंट्रोल बॉक्स नुसत्या सरीतही चालत नाही. गॅरेट कंपनीचं एस २५० असंच आहे.

या चाचणीतली एक अट फारशी कुणी वाचत नाही. १ मीटरच्या या बुडवण्याच्या चाचणीत पाण्याचं आणि वस्तूचं तापमान ५ अंशांपेक्षा जास्त वेगळं असता कामा नये. आता मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडलेली काळी कॉइल आठवा. ती सहज ४५ अंशांवर जाते. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला पोचून ती २५ अंशांच्या पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि तिचा दाब साधारण ६ टक्क्यांनी उतरतो. हा फरक ६० ते ६५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा आहे. म्हणजे घोट्याएवढ्या पाण्यातही कॉइलला मांडीएवढ्या खोलीचा ताण बसतो, तोही आत खेचणारा. कुठे केसाएवढी भेग असली तरी तिथून पाणी आत. घरी आणल्यावर कॉइल पुन्हा तापते, हवा बाहेर पडते आणि पाणी आतच राहतं. चार फेऱ्यांत कॉइल जड लागायला लागते ती अशी.

म्हणून पहिला नियम फुकटचा आहे. पाण्यात घालण्याआधी कॉइल १० ते १५ मिनिटं सावलीत ठेवा, वरून दोन-चार मग पाणी ओता आणि मगच बुडवा.

विकतची कॉइल: उघडू नका, एवढं करा

वॉरंटीतली कॉइल खोलायची नाही. चांगल्या उजेडात चार जागा बघा: केबल जिथून आत जाते ती जागा, दांडीला जोडणाऱ्या दोन कानांची मुळं, वरच्या-खालच्या भागांचा सांधा, आणि घासून पातळ झालेला तळ. कानांना भेगा पडतात त्या बोल्ट पान्याने आवळल्यामुळे. बोल्ट नायलॉनचाच असावा, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर असावेत आणि हाताने घट्ट होईल तेवढंच फिरवावं. कॉइल पाण्यात वर उचलली जाते म्हणून आवळण्याचा मोह होतो. त्यापेक्षा झिजलेले वॉशर बदला.

कॉइलच्या तळाचं कव्हर काढून बघा. कव्हर आणि कॉइल यांच्यात काळी, चकाकणारी बारीक वाळू साचते. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं तर ती चिकटते, कारण त्यात मॅग्नेटाइट असतं. ही वाळू ओली होऊन आत हलली की कॉइलमध्ये पाणी गेल्यासारखीच लक्षणं दिसतात. बऱ्याच ‘बिघडलेल्या’ कॉइल कव्हर धुतल्यावर बऱ्या होतात. कव्हर कायमचं चिकटवू नका.

वॉरंटी संपलेल्या कॉइलवर बारीक भेग दिसली तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने भेगेभोवती सेंटिमीटरभर घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन वापरू नका, एबीएस प्लास्टिक विरघळतं. मग कॉइल ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करा आणि भेगेवर पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी लावा. निवताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी भेगेत खेचलं जातं. पाणी ज्या युक्तीने आत शिरतं तीच इथे आपल्या कामाला येते. २४ तास हात लावू नका. एम-सीलची गोळी तात्पुरती ठीक. फेविक्विकसारखा झटपट गोंद ठिसूळ असतो, कॉइल दगडाला एकदा आपटली की सुटतो.

बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनबद्दल सावध. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसेटिक प्रकारचं असतं. सुकताना त्यातून ॲसिड निघतं आणि ते तांबं खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलंच घ्या, तेही फक्त बाहेरच्या सांध्याला आणि सगळ्यात शेवटी. सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर इपॉक्सी धरत नाही.

घरी बनवलेली कॉइल: पोकळी भरायची

नवख्याने पहिली कॉइल पल्स इंडक्शनची मोनो घ्यावी. पाठवणं-ऐकणं एकाच गुंडाळीत, तोल साधायची भानगड नाही. खालचं माप सरासरी २३ सेंटिमीटर व्यासाचं आहे.

तार २६ गेजची, म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २२ वेढ्यांना १६ मीटर तार जाते, वजन २५ ग्रॅमही भरत नाही. इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो आणि रोध १.७ ओहमच्या जवळ. कनेक्टर, ग्लँड (केबल घट्ट पकडणारं बूच), हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, बाकी हार्डवेअरसाठी रविवार पेठेत बोहरी आळी.

खोक्याचं प्लास्टिक आधी तपासा. तुकडा कापून पाण्यात टाका. तरंगला तर ते पॉलिप्रोपिलिन किंवा पॉलिथिन, आणि त्यावरून इपॉक्सी सालीसारखं सुटून येतं. बुडलं तर एबीएस, ॲक्रिलिक किंवा पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त. ही चालतात. थ्रीडी प्रिंट केलेलं खोकं दिसायला बंद असलं तरी थरांमधून पाणी पाझरतं, म्हणून आतून इपॉक्सीचा पातळ हात आधी द्या. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हातल्या गाडीत वाकडं होतं. पीईटीजी बरं.

वेढे दोऱ्याने किंवा टेपने घट्ट बांधा. आत हलणारी एक तारही आवाज करते. शील्डसाठी ग्रॅफाइटचा रंग लावा आणि एके ठिकाणी १० मिलिमीटर जागा कोरी सोडा. शील्डचं कडं पूर्ण जुळलं तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि कॉइल आंधळी होते. ड्रेन वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या. शील्ड सर्किटच्या ग्राउंडला जोडण्याआधी मल्टीमीटरने वेढे आणि शील्ड यांच्यात काहीच वाहत नाही ना ते बघा. इपॉक्सी ओतल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही.

आता किती इपॉक्सी लागेल? २३ सेंटिमीटर व्यासाच्या कड्याचा परीघ ७२ सेंटिमीटर. खाच १५ बाय १२ मिलिमीटरची असेल तर १३० मिलिलिटर. तारेची जागा वजा केली आणि भांड्याला चिकटून वाया जाणारं धरलं तरी १३० मिलिलिटर कालवून ठेवा. वजन दीडशे ग्रॅमच्या आत राहतं. अख्खं तबकच भरायचं असेल तर इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळा, फायबरग्लासचं सामान विकणाऱ्यांकडे ते मायक्रोबलून नावाने मिळतात. नाहीतर तासाभरात मनगट बोलायला लागतं. फवाऱ्याच्या डब्यातला पीयू फोम नको. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे बंद खोक्यात आतून ओला राहतो आणि फुगताना तार ढकलतो. बोटींच्या फायबरसाठीचं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण आकसतं जास्त आणि त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं.

ओतण्याचा क्रम असा. रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात घ्या. ते प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे आधी वाचा. हार्डनर जास्त टाकला तर लवकर घट्ट होईल हा गैरसमज आहे, कायमचं चिकट राहतं. तीन मिनिटं कडा खरवडत कालवा, दुसऱ्या कोऱ्या पेल्यात ओतून पुन्हा मिनिटभर कालवा. पहिल्या पेल्याच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन राहतं, तेच नंतर मऊ डाग होऊन दगा देतं. खाच सपाट ठेवा आणि एकाच जागेवरून बारीक धार सोडा. इपॉक्सी स्वतः पुढे सरकतं आणि हवा पुढे ढकलतं. चार ठिकाणांहून ओतलंत तर मधे बुडबुडे अडकतात. एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या आत ठेवा. जाड ओतलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, आकसतं आणि कडेने सुटतं.

पुण्यात हे काम ऑक्टोबर ते मार्चमध्ये करावं. एप्रिलच्या दुपारी इपॉक्सी हातातच घट्ट होतं, कारण दर १० अंशांमागे कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वर तेलकट थर येतो. तो कोमट पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून मगच पुढचा थर द्यावा. नाहीतर दोन थरांमध्येच पाण्याला वाट मिळते.

डबल-डी कॉइल (इंग्रजी डीच्या आकाराचे दोन वेढे एकमेकांवर थोडे चढवलेली) करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: आधी ट्रान्समिटचा वेढा ओतून पक्का करा, मग रिसीव्हचा वेढा सरकवत तोल साधा. त्याचा छोटासा भाग मोकळा ठेवा, बाकीचं टप्प्याटप्प्याने ओता, आणि इपॉक्सी आकसल्यावर ढळलेला तोल त्या मोकळ्या भागाने सावरून शेवटचं ओता.

केबल: खरी चोरवाट

खोकं कितीही भरलेलं असलं तरी केबलच्या आत बारीक तारांमध्ये पोकळी असतेच. वात तेल ओढते तसं तिथून पाणी चढतं. केबलचं आवरण मधेच कुठे कापलं गेलं असेल तर पाणी मीटरभर प्रवास करून कॉइलमध्ये येतं, आणि आपण खोक्यावर भेग शोधत बसतो.

म्हणून आत जाणाऱ्या टोकाला पाणी अडवायचं. बाहेरचं आवरण २५ मिलिमीटर सोला. जाळी मोकळी करून पिळा आणि तिच्यात सोल्डर पूर्ण मुरवा. प्रत्येक आतल्या वायरचं इन्सुलेशन ४-५ मिलिमीटर काढून तिथेही सोल्डर मुरवा, म्हणजे तारांमधली पोकळी बंद होते. वायर एकमेकींना लागणार नाहीत अशा वेगळ्या ठेवा. आवरणाचा शेवटचा भाग १२० च्या पेपरने खरखरीत करा आणि हा सगळा सांधा इपॉक्सीत बुडवा. आवरण आणि सांधा झाकेल अशी आतून गोंद असलेली ३:१ हीट श्रिंक त्याआधी चढवली तर उत्तम. साधी हीट श्रिंक पाणी अडवत नाही.

बाहेर नायलॉनचा ग्लँड लावा. पितळेचा नको, कॉइल त्यालाच शोधत बसेल. पीजी ७ हा ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीच्या केबलला बसतो, पीजी ९ हा ४ ते ८ ला. केबल गोलच हवी. चपटी केबल ग्लँडमध्ये कडेने गळते. ग्लँड फक्त ओढ सहन करण्यासाठी आहे, पाणी अडवायचं काम आतल्या इपॉक्सीचं.

दुसऱ्या टोकाचे जीएक्स प्रकारचे गोल कनेक्टर वॉटरप्रूफ नसतात. केबल कनेक्टरपाशी वरून न आणता आधी खाली लोंबवून मग वर न्या, म्हणजे ओघळ तिथूनच टपकतो. दांडीवर केबल घट्ट गुंडाळा. सैल हलणारी केबलही खोटे आवाज काढते.

टबातली परीक्षा

लोखंडी घमेलं किंवा स्टीलची परात नको. प्लास्टिकचा रुंद टब घ्या. कॉइल कोरडी असताना किचनच्या वजनकाट्यावर केबलसकट तोला आणि आकडा मार्करने कॉइलवरच लिहून ठेवा. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो. १ ग्रॅम वाढला तर १ मिलिलिटर पाणी.

आधी गरम पाण्याची परीक्षा. कॉइलपेक्षा १५ अंशांनी गरम, म्हणजे साधारण ४५ अंशांचं पाणी घ्या आणि कॉइल बुडवा. आतली हवा फुगते आणि गळती असेल तिथून बाहेर पडते. पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा. एकाच जागेवरून माळ सुटत राहिली तर ती गळती, खूण करा. दोन मिनिटांत कॉइल बाहेर काढून लगेच पुसा. पाण्यातच निवू दिली तर त्याच छिद्रातून पाणी आत जाईल.

बुडबुडे नसतील तर दुसरी परीक्षा. टबात दोन चमचे मीठ विरघळवा, कॉइल बुडवा, कनेक्टर बाहेर ठेवा. मल्टीमीटर २० मेगाओहमवर लावा, एक टोक कॉइलच्या वायरला, दुसरं पाण्यात. काहीच वाहिलं नाही पाहिजे. शील्डच्या वायरवरही तसंच बघा. आकडा दिसला तर टोकं उलटी करून पुन्हा मोजा, कारण खारट पाणी आणि धातू मिळून छोटी बॅटरी होते आणि आकडा फसवते. दोन्हीकडून काही मेगाओहम दिसले तर गळती नक्की. तास-दोन तास बुडवून ठेवून पुन्हा मोजा, मग गोड्या पाण्याने धुऊन, पुसून वजन करा.

बाहेर काम करताना आणि नंतर

मुठेच्या पात्रात पावसाळ्यात उतरूच नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, तिथे कॉइलची चिंता करायला माणूस शिल्लक राहायला हवा. शनिवारवाडा, पाताळेश्वर, कार्ले-भाजे अशा संरक्षित ठिकाणी आणि गडकिल्ल्यांवर डिटेक्टर नेऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

घरी आल्यावर कव्हर काढून दोन्ही भाग नळाखाली धुवा. प्रेशर वॉशर नको, त्याचा झोत सांध्यात घुसतो. पंख्याखाली वाळवा, गच्चीवर उन्हात नाही. कनेक्टरच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

पाणी शिरलंच तर

तांदळाच्या डब्यात ठेवणं सोडा, तांदूळ बंद खोक्यातलं पाणी काढत नाही. वजन वाढलंय का ते आधी बघा. वाढलं असेल तर पाण्याला बाहेर वाट द्यावी लागेल: वेढ्यांपासून दूर, समोरासमोर दोन ३ मिलिमीटरची भोकं. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवा. पाणी गढूळ असेल तर इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा आतून खळबळवून ओतून द्या. मग हवाबंद डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा आणि रोज तोला. जेल नारिंगी प्रकारचं घ्या. ओलं झालं की हिरवं होतं, ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. कॉइलला मात्र ५० अंशांपलीकडे तापवू नका. प्लास्टिक वाकलं की तोल गेला. हेअर ड्रायर त्यामुळेच धोक्याचा.

दोन दिवस वजन तेच राहिलं आणि ते कॉइलवर लिहिलेल्या आकड्याला जुळलं की भोकं बुजवायची. शक्य असेल तर त्याच भोकातून पातळ इपॉक्सी भरून पोकळीच संपवा. डबल-डी असेल तर भरू नका, आकसण्याने तोल हलेल. फक्त भोकं बंद करा.

वजन जुळतंय पण हवेत तिरकी केल्यावर आवाज येतोच, तर केबल बघा. कनेक्टरच्या टोकाकडून १५ सेंटिमीटर कापा. आतलं तांबं लखलखीत असेल तर तिथे नवा कनेक्टर लावा. काळं किंवा हिरवं असेल तर आणखी १५ कापा. तरीही काळंच निघालं तर केबल पूर्ण बदला, आणि नवी घेताना जात आणि लांबी तीच ठेवा. पल्स इंडक्शनमध्ये केबलची कपॅसिटन्सही जुळणीत धरलेली असते, वेगळी केबल लावली की डॅम्पिंगचा (पल्सनंतरचे झोके शमवणारा) रोध पुन्हा ठरवावा लागतो.